घरात संकट आहे आणि श्रद्धा नवीन आहे, तर सुरुवात कुठून करायची

हे कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. वसई-मुंबईकडच्या आमच्या चर्चमध्ये नवीन म्हणून येणारे लोक साधारण तीन प्रकारचे असतात. काहींचा बाप्तिस्मा नुकताच ईस्टरच्या जागरणाच्या रात्री झालेला असतो, काही जण कॅथलिक घरात लग्न होऊन आलेले असतात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे लहानपणी कॅटेकिझम (धर्मशिक्षणाचा वर्ग) केलं, कन्फर्मेशन (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालं आणि मग वीस-वीस वर्षं फक्त नाताळ, लग्न आणि मयत एवढ्यालाच चर्चची पायरी चढले असे. हे तिसरे लोक परत येतात ते बहुतेक वेळा काहीतरी बिनसलं म्हणूनच येतात, नोकरी गेली, आईला कॅन्सर निघाला, मुलगा दारूत गेला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शुभवर्तमानात येशूकडे आलेले निम्मे लोक असेच आलेत.

पण मग होतं काय की आल्या आल्या सगळं एकदम करायला घेतात. रोज पूर्ण रोझरी (जपमाळ), रोज मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना, यूट्यूबवर रात्री दोनपर्यंत रिट्रीटची प्रवचनं, वर दर शुक्रवारी कडक उपास. दोन-तीन आठवड्यांत माणूस थकतो, सगळं सुटतं, आणि सुटलं म्हणून आपणच नालायक असं वाटायला लागतं. माझं म्हणणं अगदी उलट आहे, वाईट दिवसांत धर्माचं ओझं वाढवू नका, कमी करा, पण जे ठेवाल ते सोडू नका आणि एकट्याने करू नका. आता एकेक बघू.

पहिलं: रोजचं अगदी थोडं ठरवा

सकाळी उठल्यावर, फोन हातात घ्यायच्या आधी, क्रुसाची खूण आणि एकदा "हे आमच्या स्वर्गातील पित्या". बस. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना हीच प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणायला सांगितलेली होती, तेव्हा हे काही कमी दर्जाचं नाही. दुपारी जेवायच्या आधी एकदा, रात्री एकदा, झाले तीन. विरार लोकलमध्ये लटकून जाणाऱ्यालाही हे जमतं, ओठ हलवायची पण गरज नाही.

रोझरीची पाच रहस्यं (येशू आणि मारियेच्या आयुष्यातले प्रसंग) जमत नसतील तर एकच म्हणा, म्हणजे एक "आमच्या स्वर्गातील पित्या", दहा "नमो मारिया", एक "पित्याला गौरव". पाच मिनिटंपण लागत नाहीत. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची, ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली दिली म्हणून जुन्या पुस्तिकांमध्ये सापडत नाहीत, घाबरू नका. वार चुकला तरी काही पाप लागत नाही.

रात्री झोपताना दिवस एकदा मागे वळून बघायचा. आज कशाबद्दल देवाला थँक्यू म्हणावंसं वाटतं, कुठे मी वाईट वागले, उद्या कशाची भीती वाटतेय. या तीन गोष्टी देवाला सांगायच्या आणि झोपायचं. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून रात्र काढणाऱ्याला मोठी प्रार्थना सुचतच नाही, पण एवढं सुचतं.

दुसरं: देवाशी भांडायचं असेल तर भांडा

नवीन लोकांना वाटतं की प्रार्थना म्हणजे गोड गोडच बोलायचं. तसं नाहीये. बायबलमधली स्तोत्रं उघडा, १३ वं वाचा, सुरुवातच "हे परमेश्वरा, कुठवर" अशी आहे, कुठवर तू मला विसरणार म्हणून. २२ वं तर येशूने स्वतः क्रुसावर म्हटलं, एली एली लमा सबख्थनी, माझ्या देवा तू माझा त्याग का केलास. आणि ८८ वं वाचलंत तर थक्क व्हाल, दुःखाच्या इतर बहुतेक स्तोत्रांना शेवटी थोडा तरी उजेड असतो, हे मात्र अंधारातच संपतं. तरी ते बायबलमध्ये आहे, शेकडो वर्षं लोक प्रार्थना म्हणून म्हणतायत. स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा हे शब्द उसने घ्या.

२७ मार्च २०२० ला, कोविडमध्ये सगळं बंद असताना, पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या सेंट पीटर चौकात उभे राहिले तेव्हा त्यांनी वादळातल्या होडीचा उतारा घेतला होता. त्यात शिष्य झोपलेल्या येशूला उठवून विचारतात, आपण बुडतोय याची तुम्हाला काही फिकीर नाही का. येशू उठल्यावर आधी वारा शांत करतो, त्यांच्या श्रद्धेची हजेरी नंतर घेतो.

आणि प्रार्थनेत काहीच जाणवत नाही म्हणून श्रद्धा गेली असं समजू नका. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये लोकांसमोर आली तेव्हा कळलं की त्यांना कित्येक वर्षं आत नुसता कोरडेपणा आणि अंधार होता, तरी सकाळची मिस्सा आणि रस्त्यावरची माणसं सुटली नाहीत. २०१६ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं.

तिसरं: मन खचलेलं असताना मोठे निर्णय घेऊ नका

हा सल्ला माझा नाही, संत इग्नेशियस लोयोलांचा आहे. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून मनात काय काय येतं-जातं ते त्यांनी बारकाईने बघितलं आणि त्यातून पुढे नियम लिहिले. त्यातला एक असा की मन उदास, अंधारलेलं असेल तेव्हा आधी ठरवलेलं बदलू नये. म्हणजे चांगल्या मनाने ठरवलं होतं की रविवारी मिस्साला जायचं, तर वाईट आठवड्यात "काय उपयोग" म्हणून ते बंद करू नका. नवऱ्याला सोडायचं, नोकरी सोडायची, चर्च सोडायचं, सगळं विकून गावी जायचं, हे रात्री अकरा वाजता ठरवायचं नाही. (घरात मारहाण होत असेल तर हा नियम लावत बसू नका, आधी तिथून बाहेर पडा.)

चौथं: रविवारची मिस्सा, आणि कधी सूट असते ते

रविवारची मिस्सा हे आपल्या आठवड्याचं मूळ. शनिवारी संध्याकाळची धरली तरी चालते. पण स्वतः गंभीर आजारी असाल किंवा घरात तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि त्यांच्याजवळ दुसरं कोणीच नसेल तर मिस्सा चुकली म्हणून पाप होत नाही, चर्चची शिकवण तशी स्पष्ट आहे. त्या दिवशी घरी टीव्हीवर मिस्सा बघा, त्या रविवारचं शुभवर्तमान वाचा. मात्र येणं शक्य असताना सोफ्यावर बसून मोबाईलवर मिस्सा, ही कोविडमधली सवय आता पुरे झाली असं माझं स्पष्ट मत.

कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सात ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर घेण्याच्या, आधी एक तास काही खायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. वयस्कर, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तर तासाचीही अट नाही, हे खूप जणांना माहीत नसतं आणि बिचाऱ्या शुगरवाल्या आज्या उपाशीपोटी येऊन चक्कर येऊन पडतात. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचंही तसंच. भस्म बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवारचा (गुड फ्रायडे) उपास १८ ते ५९ वयाच्या धडधाकट लोकांसाठी आहे, केमो चालू असलेल्या माणसाने करायचा नाही.

कम्युनियन बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक माणसाने घ्यायचं. बाप्तिस्मा नसलेल्या जोडीदाराने मिस्साला खुशाल यावं, बसावं, गावं. लग्न चर्चमध्ये लागलेलं नसेल तर आपल्याला कम्युनियन मिळणार नाही असा स्वतःच अंदाज बांधून वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसू नका, फादरना भेटा, कित्येकदा मार्ग निघतो.

खूप वर्षांनी परत येत असाल तर कम्युनियनच्या आधी कन्फेशन आहे, म्हणजे फादरसमोर आपली पापं कबूल करून क्षमा घेणं. याची धास्ती सगळ्यात जास्त. जाऊन सरळ सांगायचं, "फादर, आशीर्वाद द्या, मला येऊन पंधरा वर्षं झाली, कसं करायचं आठवत नाही." पुढचं फादर विचारत विचारत काढून घेतात. मोठी मोठी पापं आधी सांगायची, सासूची कागाळी करायची नाही, आपलीच पापं सांगायची. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर कागदावर लिहून न्या. तिथे बोललेलं फादर कोणाला म्हणजे कोणालाच सांगू शकत नाहीत, सांगितलं तर चर्चच्या कायद्याने थेट बहिष्कृत होतात.

पाचवं: घरात कोणी गंभीर आजारी असेल तर

यावर जरा जास्त बोलते कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार, अनॉइंटिंग, म्हणजे "आता संपलं" अशी समजूत अजून घट्ट बसलेली आहे. फादर दारात दिसले की पेशंट घाबरतो म्हणून घरचे बोलावतच नाहीत, आणि मग शुद्ध हरपल्यावर रात्री तीनला धावाधाव. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६० च्या दशकातच स्पष्ट केलंय की हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेचा नाही. गंभीर आजार निघाला, मोठं ऑपरेशन आहे, म्हातारपणाने माणूस फार खंगलाय, एवढं पुरे आहे. बरा होऊन पुन्हा आजारी पडला किंवा तोच आजार बळावला तर परत घेता येतो. आणि पेशंट शुद्धीवर असताना बोलावलं तर त्याला कन्फेशनही करता येतं, कम्युनियनही घेता येतं, स्वतः प्रार्थनेत "आमेन" म्हणता येतं. माणूस गेल्यावर हा संस्कार देत नाहीत, मृतासाठी प्रार्थना करतात, म्हणून उशीर करू नका.

फोन करताना काय सांगायचं ते कागदावर लिहून ठेवा: पेशंटचं नाव, कोणत्या पॅरिशचे (म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतले), हॉस्पिटल, मजला, वॉर्ड, बेड नंबर, आत सोडायची वेळ, शुद्धीवर आहेत का, गिळता येतं का. आयसीयू असेल तर ड्युटीवरच्या नर्सला आधी सांगून ठेवा की आमचे फादर येणार आहेत, पाच-दहा मिनिटं लागतील, शांतपणे सांगितलं की शक्यतो सोडतात. आपल्या पॅरिशचे फादर लांब असतील तर हॉस्पिटलच्या जवळच्या चर्चला फोन करा, तुम्ही तिथले नाही म्हणून नाही म्हणत नाहीत.

घरी येणार असतील तर तयारी साधी. पेशंटच्या नजरेसमोर छोटं टेबल, त्यावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, एक ग्लास पाणी आणि चमचा. फॅन बंद करा नाहीतर मेणबत्ती विझते आणि काडेपेटी शोधण्यात सगळं घर लागतं. टीव्ही बंद, फोन सायलेंट. फादर किंवा कम्युनियन मिनिस्टर (कम्युनियन द्यायला नेमलेला माणूस) छोट्या डबीत कम्युनियन आणतात, ते ख्रिस्ताचं शरीर असतं, तेव्हा दारातच "बसा फादर, चहा टाकते" सुरू करू नका, आधी संस्कार, मग चहा. गिळायला त्रास होत असेल तर आधीच सांगा, अगदी कणभर तुकडा चमचाभर पाण्याबरोबर देतात, तेवढ्यातही पूर्ण कम्युनियन झालं. तेलाचा संस्कार असेल तर फादर डोक्यावर हात ठेवून गप्प प्रार्थना करतात, मग कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर तेल लावतात. हे तेल बिशपनी ईस्टरच्या सुमाराच्या खास मिस्सात आशीर्वादित केलेलं असतं. हाताला सलाईनची पट्टी असेल तर बिनधास्त सांगा, जिथे जमेल तिथे लावतात. मुलांना बाहेर पाठवू नका, त्यांना बघू द्या.

तेल फादरच लावू शकतात, कम्युनियन मिनिस्टर किंवा सिस्टर (नन) नाही.

सहावं: नवस, नोव्हेना आणि चमत्कारवाले

माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना असते, १९४८ पासून चालू आहे, नऊ बुधवार करायची पद्धत, हिंदू-मुसलमान सगळे येतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात-पाय, मेणाचं घर, मेणाचं बाळ वाहतात. मी याला नावं ठेवणार नाही, गर्दीत उभं राहून आपल्यासारखीच अडलेली शेकडो माणसं बघितली की आपलं दुःख एकटं राहत नाही. पण नऊ बुधवार केले म्हणजे देव आता बांधील झाला, हा व्यवहार डोक्यात ठेवून जाल तर दहाव्या बुधवारी हाती राग लागेल. मागा, अगदी हट्टाने मागा, त्याबरोबर "तुझ्या इच्छेप्रमाणे" हेही म्हणा, पकडलं जायच्या आधी गेथसेमनीच्या बागेत येशूने तसंच केलं.

व्हॉट्सॲपवर "ही प्रार्थना ११ जणांना पाठवा नाहीतर" असलं आलं की डिलीट करा, ती श्रद्धा नव्हे.

आणि कोणी तुमच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तू बरी झालीस, आता इन्शुलिन बंद कर, तर तिथून उठून या. कॅथलिक चर्च स्वतः हॉस्पिटलं चालवतं, औषधाशी आपलं वैर नाही. बायबलमधल्या सिराच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय वाचा, वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केलंय असं लिहिलंय, आणि तिथेच प्रार्थनाही कर असंही सांगितलंय. हे पुस्तक प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसतं, म्हणून बायबल विकत घेताना ७३ पुस्तकांचं कॅथलिक बायबल मागा, ६६ वालं नको.

मन इतकं खचलं असेल की झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतंय, तर फादरना सांगाच पण डॉक्टरकडेही जा, दोन्हीपैकी एक असं नाहीये. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दारूचा प्रश्न असेल तर एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा कुठे होतात ते विचारा, कितीतरी चर्चच्या खोल्यांमध्येच होतात, घरच्यांसाठी वेगळा ग्रुप असतो.

सातवं: पैशाचं संकट

यावर लोक बोलत नाहीत, मिस्साला इस्त्रीचे कपडे घालून येतात आणि घरी गॅस संपलेला असतो. पॅरिशमध्ये सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटी आहे का विचारा. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या कॉलेजच्या पोराने मित्रांना घेऊन ती सुरू केली, कोणीतरी टोमणा मारला होता की तुम्ही ख्रिस्ती लोक नुसते बोलता, करता काय. तिचे लोक दोघं दोघं घरी येतात, रेशन, फी, औषध बघतात, आणि गावभर करत नाहीत. आमच्या वसईत तर १९१८ मध्येच कॅथलिक लोकांनी पतसंस्था काढली, तीच पुढे बँक झाली. एकमेकांच्या अडीनडीला उभं राहणं हा आपल्या धर्माच्या बाहेरचा विषय कधीच नव्हता.

कोणासाठी मिस्सा सांगायची आहे पण पैसे नाहीत? तसंच सांगा, गरिबांसाठी काही न घेताही मिस्सा अर्पण करावी असं चर्चचा कायदाच फादरना सांगतो. आणि तुमच्याकडे काही नसेल तेव्हाही थोडं द्यायची सवय मोडू नका, पैसे नकोत, शेजारच्या आजोबांना दवाखान्यात नेऊन आणा.

मयत झाली तर थोडक्यात

आधी पॅरिश ऑफिसला फोन, मग नातेवाईकांना. दफन हीच आपली पसंतीची रीत, पण १९६३ पासून दहनालाही परवानगी आहे, फक्त अस्थी घरी ठेवायच्या नाहीत आणि नदी-समुद्रात सोडायच्या नाहीत, दफनभूमीत किंवा चर्चने दिलेल्या जागी ठेवायच्या. आत्महत्या असली तरी फादरना सांगा, चर्च अशा माणसासाठी प्रार्थना करतं, दार बंद करत नाही. संध्याकाळी शेजारी रोझरीला येतात त्यांना येऊ द्या, महिन्याची मिस्सा सांगा, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर जा. रडू आवरलं नाही तर आपला मित्र लाजरस याच्या कबरीपाशी येशूही रडला होता.

आणि हे सगळ्यात आधी करून ठेवायचं

वरचं सगळं तेव्हाच चालतं जेव्हा पॅरिशला माहीत असतं की तुम्ही आहात. नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आलेले किती लोक दोन दोन वर्षं मिस्साला येतात आणि कोणालाच त्यांचं नाव माहीत नसतं, मग अडचणीत "आमच्याकडे कोणी फिरकलं नाही" म्हणतात, फिरकणार कसे? तेव्हा पॅरिश ऑफिसमध्ये जाऊन कुटुंबाची नोंद करा, बाप्तिस्मा दुसरीकडे झाला असेल तर तिथून सर्टिफिकेट मागवून एक कॉपी घरी फाईलमध्ये ठेवा, तुमच्या गल्लीचा लघु ख्रिस्ती समूह (शेजारच्या कॅथलिक घरांचा गट) कोणता आणि तो कोण बघतं ते विचारून त्यांचा नंबर आणि ऑफिसचा नंबर फ्रिजवर चिकटवा, म्हणजे तुम्ही घरी नसाल तेव्हा पोरांनाही सापडेल. हे या रविवारीच करता येतं, मिस्सा सुटल्यावर अर्धा तास लोक पटांगणातच गप्पा मारत उभे असतात.